दर शब्दाला दोनशे पेसो

बसा, एदुविना. ओली शाल खुर्चीवर टाका,
शेगडीजवळ वाळेल.
कास्त्रोच्या या रेडिओवर तीस वर्षं मी लोकांचे निरोप वाचतोय:
केउई बेटावर बार्रियांना, मंगळवारच्या बोटीने बियाण्याचे बटाटे येतायत,
धक्क्यावर बैल आणा.
अचाओत ओतिलियाला, मुलगा पास झाला, रडू नको.
त्यामुळे लोक काय ऐकतात आणि काय ऐकून सोडून देतात
एवढं मला कळतं.

तुमचा कागद वाचला.
‘काही अपरिहार्य कारणांमुळे काही पाहुण्यांना
काहीशी अस्वस्थता जाणवल्याचे आमच्या कानी आले आहे.’
‘काही’ तीनदा.
सहाशे पेसो नुसत्या धुक्याचे.
कुणी लिहून दिलं?
भाच्याने. पुएर्तो मोंतला जाहिरात शिकतो.
पोरगा हुशार आहे, पण त्याने बावीस माणसं
एका अंगणात ओकताना पाहिलेली नाहीत.
मी पाहिलीत. दोघं माझे चुलतभाऊ.

झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही,
पण मुठीत शिंपला असेल तर तिसऱ्या दिवशी वास सुटतो.
तुमची बातमी सकाळीच बोटीत बसली, तिकीट न काढता.
चोंचीला उतरेपर्यंत बाविसाचे बेचाळीस होतील
आणि त्यातला एक मेलेला असेल.
तिच्या आधी तुम्ही उतरा.

लिहा.
‘मी एदुविना नाउएल्किन.
शनिवारच्या शिंपल्यांच्या एम्पानादा माझ्या भट्टीतल्या.
शिंपले रात्रभर बाहेर राहिले. चूक माझी.
आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या घरी मी येते आहे.’
एकवीस शब्द. चार हजार दोनशे.

‘चूक माझी’ काढता येईल का?
येईल की. चारशे वाचतील.

थांबा. पेन खाली ठेवा जरा.
अकरा वर्षांपूर्वी मी रोसेंदो चिगुआय मेल्याचं वाचलं.
मेला होता रोसालिंदो, त्याचा भाऊ. अक्षर वाईट होतं,
माझा चष्मा घरी होता.
रोसेंदो समुद्रावर. इकडे बायकोने मेणबत्त्या लावल्या,
डुक्कर कापलं, शेजारी नऊ रात्री प्रार्थनेला बसले.
दुसऱ्या दिवशी मला कळलं.
मी म्हणालो, प्रक्षेपणात बिघाड होता.
छान वाक्य. कुणीच काही बोललं नाही.
मग एका संध्याकाळी रोसेंदो आला, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत,
अंगातून पाणी गळतंय, चहाला नको म्हणाला.
बराच वेळाने म्हणाला, माझं डुक्कर चांगलं होतं.
तेवढं तरी वाच.
मी वाचलं नाही.
आजही मी ‘निधन’ म्हटलं
की कुठल्या तरी बेटावरून फोन येतो: नक्की ना?

असो. उद्या भट्टी पेटवा. साधा पाव करा.
फुकट वाटू नका, लोकांना ती लाच वाटते.
कुणी दारात शिव्या दिल्या तर ऐकून घ्या, भाच्याला पुढे करू नका.
वर्तमानपत्राचा माणूस येईल,
त्याला हसरा फोटो देऊ नका, बादली दाखवा,
आणि बर्फ आता कुठून आणता ते सांगा.
गिऱ्हाईक परत येईल का, मला विचारू नका.
म्हातारा चिगुआय कदाचित येईल. पाव घेईल.
एम्पानादांकडे बघणार नाही.
वर्षभर तरी नाही.

मी वाचणार नाही, तुम्हीच वाचा. आवाज तुमचाच हवा.
लाल दिवा लागला की सुरू करा,
आणि घसा आवळला तर आवळू द्या.

हे काय? पैसे जास्त आहेत, एदुविना.
‘चूक माझी’ धरूनच मी मोजलेत.
तरी हे सहाशे वर.

डुक्कर चांगलं होतं.

हो.
तीन शब्द होतात.